तुडुमाखालची बांधी

“तिथून नाई, साहेब. खालून.”

इस्तारीनं एवढंच म्हटलं आणि शाळेच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसलेला आंबेटोला गप्प झाला. पटवाऱ्याचं बोट नकाशावर जिथं टेकलं होतं तिथंच राहिलं. वर तलावाची पाळ, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं तुडुम, तुडुमाला लागून पहिल्या नंबरची बांधी आणि मग उताराला एकीखाली एक धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, अशी त्या नकाशाची मांडणी होती. पटवारी चिडून म्हणाला की नंबर वरून खाली जातात, हा सरकारी नकाशा आहे, तू आपल्या मर्जीनं तो उलटा वाचू नकोस. इस्तारीनं हात जोडले, पण शब्द मागं घेतला नाही. नकाशा सरकारचा असेल, तो म्हणाला, पण पाणी काही नकाशा पाहून चालत नाही.

टेबलामागं बसलेल्या साहेबानं चष्मा काढून ठेवला. “त्यांना सांगू द्या,” तो पटवाऱ्याला म्हणाला.

इस्तारीनं मागं वळून पाहिलं. साहेब ‘त्यांना’ कोणाला म्हणाला ते त्याला कळेना. मागं भिंत होती. मग त्याच्या लक्षात आलं, आणि पन्नाशीला आलेला तो माणूस लग्नाच्या मांडवातल्या नवरदेवासारखा लाजला.

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं होत आली होती. तलाव, जंगल, गायरान, सगळं सरकारजमा झालं, अशी दवंडी कोतवालानं दिली त्या दिवशी आंबेटोल्यात कोणाला हसावं की रडावं ते सुचलं नव्हतं. मालगुजार गुणवंतरावांकडे खुदकास्त, म्हणजे त्यांच्या घरच्या वहितीची जमीन, तेवढी राहिली. आजवर गावानं कुठली माती घ्यायची, कुठं ढोरं चारायची, तलावात जाळं कोण टाकणार, पाणी कोणाला कधी मिळणार, हे सगळं रिवाजानं चाले आणि रिवाज अडला की मालगुजाराच्या तोंडाकडे पाहिलं जाई. आता ते तोंड राहिलं नव्हतं. म्हणून सरकारनं निस्तार साहेबाला, म्हणजे गावाचे वहिवाटीचे हक्क नोंदवणाऱ्याला, गावोगाव धाडलं होतं. त्यानं विचारायचं, गावानं सांगायचं, आणि जे कागदावर चढेल तो गावाचा हक्क. जे चढणार नाही ते गेलं.

सकाळपासून तेच चाललं होतं. बायांनी घरं सारवायला तलावकाठची पांढरी माती लिहून घेतली. ढिवरांनी जाळी आणि शिंगाडे लिहून घेतले. जेठ महिन्यात पाणी आटलं की एक दिवस साऱ्या गावानं मिळून मासोळी धरायची, तेही लिहिलं गेलं. लच्छू ढिवर इस्तारीच्याच ढिवरपुऱ्यातला, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याला गंभीर कारभार फार वेळ सोसत नसे. तो उठून म्हणाला, “साहेब, माही बायको रोज सकाळी मले शिव्या देते. हा बी माह्या बापापासूनचा रिवाज हाय. तेवढा लिवून घ्या.” साहेबानं मान वर न करता विचारलं की यावर हरकत कोणाची आहे काय. ओसरी हसून लोळली. तेव्हापासून लोकांना साहेबाची भीती वाटेनाशी झाली.

आणि आता पाण्याची गोष्ट निघाली होती.

इस्तारी आंबेटोल्याचा पाणकर. त्याचा बाप डोमा पाणकर होता, डोमाचा बापही. तलावाचं तुडुम म्हणजे पाळीच्या आतल्या अंगाला पाण्यात उभं केलेलं दगडी बांधकाम. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात सागवानी खुंटा. हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला आणि धान पोटरीला येऊन तहानलं की पाणकरानं पोहत जायचं, बुडी मारून खुंटा काढायचा. पाणी पाटाला लागलं की आठ-नऊ दिवस दिवसरात्र बांध्याबांध्यांतून फिरायचं, कोणाचा धुरा, म्हणजे बांध, फोडायचा, कोणाचा बुजवायचा ते ठरवायचं. सगळ्यांचं भरलं की पुन्हा बुडी मारून खुंटा बसवायचा. त्याची मुलगी प्रेमिला लहान असताना पाळीवर उभी राहून, बाप वर येईपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवायची. तिचा श्वास आधी संपायचा. मग ती रडायची.

“बोला,” साहेब म्हणाला.

इस्तारीनं डोळे मिटून घेतले. त्याला अक्षर येत नव्हतं, पण साऱ्या बांध्या त्याच्या तळपायाला पाठ होत्या. “सगळ्यांत पह्यली इसरूची मोहाखालची. मंग लालसूचे दोन तुकडे. मंग चोपणाची, ते रुखमाबाईची. मंग वारुळाची…” इसरू, लालसू, रुखमा ही गोंड टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, माणसं. त्यांच्या बांध्या पाटाच्या अगदी शेपटाला, जंगलाच्या कडेला होत्या. पटवारी प्रत्येक नावाला नकाशावर बोट नेत होता. आधी ते बोट चूक शोधत होतं. वीस नावं झाल्यावर ते नुसतं मागं मागं चालू लागलं.

साहेबानं मध्येच थांबवून विचारलं की खालून का. इस्तारीनं डोळे उघडले.

“वरून सोडलं का खाली पोचत नाई, साहेब. खालून भरत आलं का वरच्याले पाझर मिळतच राह्यते. वरचा थांबू शकते. खालचा मरते.”

साहेबानं हे वाक्य बाजूच्या कागदावर स्वतःसाठी लिहून घेतलं. पुढं नावं चालू झाली. मधली घरं झाली, मग गुणवंतरावांच्या बारा बांध्या झाल्या, त्यानंतर पाळीच्या कोपऱ्याशी असलेली विधवा कुंताची लहानशी बांधी झाली. इस्तारी थांबला. चाळीस.

“झालं?” साहेबानं विचारलं.

“माह्या तोंडून झालं, साहेब.”

नकाशात एकेचाळीस होत्या. तुडुमाला अगदी लागून असलेली, पहिल्या नंबरची, दीड एकराची बांधी राहिली होती. ती पाणकराची. चार पिढ्यांपूर्वी गुणवंतरावांच्या पणज्यानं ती पाणकीबद्दल इस्तारीच्या घराला दिली होती. लिहिणं नव्हतं, तोंडचा शब्द होता. पण त्या बांधीचा एक रिवाज होता. ज्याच्या हातात खुंटा, त्याची बांधी सगळ्यांत शेवटी. आणि आपला नंबर पाणकरानं आपल्या तोंडानं कधी सांगायचा नाही. त्याच्या आधी जी बांधी भरली तिच्या धन्यानं पाळीवर उभं राहून म्हणायचं, ‘पानकरा, आता तुहं’. मगच पाणकरानं आपल्या धुऱ्याला फावडं लावायचं.

तो शब्द कुंतानं बोलायचा होता. ती दाराशी बायांमध्ये, खांबाला धरून उभी होती. तिचे ओठ हलले, पण उघडले नाहीत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी खाली पाहिलं. साहेबानं ओसरीवर एकदा नजर फिरवली. त्याला वाटलं, संपलं. त्यानं कागदावर आडवी रेघ मारली आणि पुढं गायरानाचं विचारलं.

चैत्रात पटवाऱ्यानं चावडीवर मसुदा वाचून दाखवला. माती आली, शिंगाडे आले, जेठातली मासोळी आली. पाण्याच्या कलमाशी इस्तारी पुढं सरकून बसला. कोण्या कारकुनानं स्वच्छ नक्कल करताना नंबर सरळ लावले होते, एक, दोन, तीन, तुडुमापासून खाली. इसरूची मोहाखालची बांधी सगळ्यांत शेवटी गेली होती. आणि पहिल्या नंबरची बांधी? ती गुणवंतरावांच्या खुदकास्तीत होती. जुन्या कागदांत ती तिथंच होती. तिथून ती काढा असं गावात कोणी म्हटलंच नव्हतं.

हरकत घ्यायला महिना होता.

त्या संध्याकाळी गिरजानं, इस्तारीच्या बायकोनं, चुलीपुढून डोकं वर केलं नाही. भाकर तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली की गावाच्या चाळीस बांध्या पाठ, आपली तेवढी विसरला, असा हुशार नवरा साऱ्या तालुक्यात मिळणार नाही. तेवढ्यात कुंता आली. ती इस्तारीहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, पण त्याला भाऊ म्हणे. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली.

“मी काऊन नाई बोलली, ठाव हाय ना गा भाऊ?”

“ठाव हाय, बाई. पानी कुठी होतं?”

“कोरड्यावर कसं म्हनू? लगन होऊन आली तवा सासूनं पह्यलं तेच सांगतलं. धुऱ्याले पानी टेकल्याबिगर बोलशीन तं पाळ फुटन.”

“बरोबर सांगतलं तिनं.”

गिरजानं तवा खाली आदळला. दोघंही एकाच शाळेत शिकलेली दिसतात, ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं, आणि मग डोळ्याला पदर लावून ती मागल्या दारी गेली. त्या दीड एकरात तिनं एकोणतीस वर्षं रोवणी केली होती.

वैशाखात तहसिलीच्या गावी सुनावणी लागली. इस्तारी, कुंता, लच्छू आणि इसरू पहाटेच चालत निघाले. कुंताच्या हातात पितळी गडवा होता, तोंडाला कापड बांधलेला. लच्छूनं विचारलं, वाटेत प्यायला काय? तिनं त्याला हातही लावू दिला नाही. अकरा कोस तिनं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत नेला. उन्हानं जीभ टाळूला चिकटली, पण गडव्याचं कापड सुटलं नाही.

कचेरीसमोर चिंचेखाली गुणवंतराव बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, पण कॉलर उसवलेली. त्यांनी इस्तारीला एकट्याला हाक मारली, समोर बसवलं, टपरीवरून चहा मागवला. मालगुजाराच्या समोर बसून चहा इस्तारी पहिल्यांदाच घेत होता. त्याला कप कुठं ठेवावा ते कळेना.

गुणवंतरावांनी आडपडदा ठेवला नाही. तलाव गेला, जंगल गेलं, ते म्हणाले, आता तुडुमाखालच्या बारा बांध्यांवर घर चालवायचं आहे. कारकुनाच्या हातून क्रम उलटा झाला तो मी करवला नाही, तुझ्या गळ्याची आण. पण झाला आहे तर राहू दे. खालच्यांच्या आधी पाणी मला मिळेल.

“तू क्रमाची हरकत सोड. मी आत येऊन सांगतो, बांधी पाणकराची. एका सहीचं काम आहे, इस्तारी. तुझ्या लेकरांना राहील.”

इस्तारीनं चहाकडे पाहिलं. त्याच्यावर साय धरली होती. बांधीच्या कोपऱ्यातलं जांभळाचं झाड त्याच्या डोळ्यांपुढं आलं, त्याच्याखाली गिरजा न्याहारी सोडून बसायची ती जागा आली. सही काय असते ते त्याला माहीत होतं. साहेबाच्या टेबलावर त्यानं ती पाहिली होती, अळीसारखी छोटी, कागदावर चालणारी.

“मालक,” तो म्हणाला, “मोठ्या मालकाच्या वक्ताले पह्यलं पानी कोनाले मिळे?”

“तेव्हा तलाव आमचा होता,” ते म्हणाले. “खालच्यांना आधी देणं हे आमच्या घराचं दान होतं. आता दान कशातून करू?”

हे खरं होतं. इस्तारीला त्या माणसाचा राग आला नाही, उलट दुखलं. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्याजवळ द्यायला आता दुसऱ्याचंच तेवढं उरलं होतं. पलीकडे इसरू भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला होता. त्याला कोणी चहा विचारला नव्हता, त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं. तो इस्तारीकडे पाहतसुद्धा नव्हता, इतका तो निर्धास्त होता.

इस्तारीनं चहा एका घोटात संपवला आणि कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“तुमच्या बांध्याईले पानी मिळन, मालक. पाळीनं मिळन. पन धुऱ्याले टेकेपर्यंत मिळन.”

तो उठला. झाडाखाली काय बोलणं झालं ते त्यानं कुंताला सांगितलं नाही, इसरूला सांगितलं नाही. लच्छूनं तेवढं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडावर आलेली थट्टा गिळली.

आत निस्तार साहेबानं त्याला ओळखलं. “या, पाणकर,” तो म्हणाला. क्रमाची हरकत ऐकायला त्याला वेळ लागला नाही. आंबेटोल्यात स्वतःसाठी लिहिलेला तो कागद त्यानं फायलीतून काढला, वाक्य वाचलं, आणि कारकुनाची नक्कल लाल शाईनं आडवी कापली. मग स्वतःच्या हातानं नवं कलम लिहिलं. दौत कोरडी पडली तेव्हा कारकुनानं धावत दुसरी आणली. गुणवंतराव बाकावर बसून ते लाल पाणी कागदावर वाळताना पाहत होते.

मग साहेबानं विचारलं, “आणि तुमची बांधी?”

इस्तारीनं कुंताकडे पाहिलं.

कुंता पुढं आली. तिनं गडव्याचं कापड सोडलं आणि दाराच्या उंबऱ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्याची धार सोडली. शिपाई ओरडत धावला. बाई, ही कचेरी आहे, तुझं अंगण नाही. साहेबानं त्याला हातानं थांबवलं.

“साहेब, हे आमच्या तलावाचं पानी हाय,” कुंता म्हणाली. “पाळीवरून भरून आनलं. आता मले बोलता येते.” ती इस्तारीकडे वळली. आवाज पाळीवरून बोलावं तसा मोठा होता. “पानकरा, आता तुहं.”

कचेरीतली टाकांची कुरकुर थांबली. साहेबाला सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. त्यानं गुणवंतरावांना विचारलं, ही बांधी पाणकीबद्दल यांच्याकडे होती हे तुम्हाला मान्य आहे का. गुणवंतरावांनी इस्तारीकडे पाहिलं. अजूनही वेळ आहे, असं ते पाहणं होतं. इस्तारी उंबऱ्यावरच्या ओलीकडे पाहत राहिला. त्यानं नजर वर केली नाही.

“लेखी काही नाही, साहेब,” गुणवंतराव म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. साहेबानं टाक खाली ठेवला. ना कागद, ना मालकाची कबुली, तर माझ्या हातात काही नाही, तो म्हणाला. वाटलं तर दिवाणी कोर्ट आहे. बोलताना त्याला स्वतःचेच शब्द आवडत नव्हते, हे इसरूलाही दिसलं.

“आणखी काही सांगायचं आहे, पाणकर?”

“खालून लिवलं ना, साहेब?”

“लिहिलं.”

“वाचून दाखवान का?”

साहेबानं वाचून दाखवलं. पहिलं नाव इसरूचं आलं. इसरूनं उभं राहायचं असतं असं समजून उभं राहून हात जोडले. उंबरा ओलांडताना चौघांनीही पाय ओल्या जागेवर पडू दिला नाही. कुंताच्या हातात रिकामा गडवा होता. वाटेत पहिल्या विहिरीवर ती घटाघटा पाणी प्याली.

भाद्रपदात कागदाची नक्कल गावाला मिळाली. प्रेमिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती चौथी पास होती, आणि ढिवरपुऱ्यात तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. इस्तारीनं चावडीतून कागद धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं पाण्याचं कलम वाचलं. ‘पाणीवाटप शेवटच्या बांधीपासून सुरू होऊन तुडुमाकडे येईल. कोणत्या बांधीस किती वेळ पाणी द्यावयाचे याबाबत पाणकराचा शब्द अखेरचा समजला जाईल.’ त्यानं ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा गिरजाही भांडी घासायची थांबली.

“माह्यं नाव कुठी हाय, बाई?” त्यानं विचारलं.

प्रेमिलानं शोधलं. पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत पाहिलं. बांध्यांच्या यादीत गावाची सगळी नावं होती. पहिल्या नंबरपुढं गुणवंतरावांचं होतं. इस्तारी वल्द डोमा कुठंच नव्हतं. मग तिनं बापाचा अंगठा धरला आणि ‘पाणकर’ या शब्दावर टेकवला.

“हे.”

“इतलंच?”

“इतलंच, बा. पन तीन ठिकानी हाय.”

इस्तारी हसला. त्यानं बाकीच्या दोन जागाही तिच्याकडून दाखवून घेतल्या. मग कागद पुन्हा सोग्यात बांधून तो चावडीत परत ठेवायला गेला, कारण तो गावाचा होता.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान पोटरीत आलं आणि बांध्यांना केसासारख्या भेगा पडू लागल्या. इस्तारीनं पाळीला नारळ फोडला, पोहत गेला, खुंटा काढला. पाट पाण्यानं भरला आणि ते पाणी वरच्या साऱ्या बांध्यांना ओलांडून, कोणाकडे न वळता, सरळ खाली गेलं. गुणवंतरावांचा गडी आपल्या धुऱ्यावर फावडं टेकून उभा होता. त्याच्या समोरून पाणी गेलं. त्यानं फावडं उचललं नाही. कागद आता सगळ्यांनाच ठाऊक होता.

पहिल्या दिवशी इसरूची मोहाखालची भरली. मग लालसूचे तुकडे, मग चोपणाची. इस्तारी आठ दिवस घरी जेवला नाही. प्रेमिला आपलं जड पोट सांभाळत पाळीवरून त्याला भाकर नेऊन देई. पहिल्या नंबरच्या बांधीत या वर्षी गुणवंतरावांच्या गड्यांनी रोवणी केली होती. धान बरं आलं होतं. इस्तारी तिच्या कडेनं दिवसातून दहादा जाई, पण आत पाय टाकत नसे.

नवव्या दिवशी दुपार कलताना लच्छू त्याच्याजवळ आला. आता कुंताचीच बांधी राहिली, तो म्हणाला, मग ती एक. ती म्हणताना त्यानं मानेनं जांभळाकडे दाखवलं.

“बोटभर कमी भर. कोन पाह्यते?”

“मी पाह्यतो ना,” इस्तारी म्हणाला.

गुणवंतराव त्या दिवशी आले होते. जांभळाच्या सावलीत छत्री मिटून उभे होते. कुंताच्या बांधीत पाणी चढत चढत धुऱ्याला टेकलं. आता काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बांधी पाणकराची राहिली नव्हती, तेव्हा शब्द बोलायचा की नाही, आणि कोणाला बोलायचा? कागदात याचं काही कलम नव्हतं. कुंता आपल्या धुऱ्यावरून उठली, लुगड्याचा काठ वर खोचून पाळ चढली आणि तुडुमाच्या समोर जाऊन उभी राहिली. तिनं गुणवंतरावांकडे पाहिलं नाही.

“पानकरा,” ती म्हणाली, “आता तुहं.”

सगळ्या उतारावर ते ऐकू गेलं. शेपटाला, मोहाखाली बसलेला इसरू उठून उभा राहिला.

इस्तारीनं फावडं घेतलं आणि पहिल्या नंबरच्या धुऱ्याला लावलं. माती ओली होती, चार घावांत वाट झाली. पाणी आत शिरलं, धानाच्या बुडांना लागलं, भेगांत उतरलं, मग हळूहळू वर आलं. तो धुऱ्यावर उकिडवा बसून राहिला. तो हात आडवा धरून पाणी मोजत होता, जसं त्यानं चाळीस बांध्यांचं मोजलं होतं. एक बोट राहिलं. अर्धं राहिलं. पाणी धुऱ्याला टेकलं तेव्हाच त्यानं वाट बुजवली आणि वरून फावड्यानं दोनदा थोपटली.

गुणवंतराव दोन पावलं पुढं आले. “इस्तारी,” ते म्हणाले. इस्तारीनं त्यांना हात जोडले, फावडं जांभळाला टेकवून ठेवलं आणि तो पाळ चढला.

वर प्रेमिला भाकर घेऊन आली होती. त्यानं धोतर, बंडी काढून तिच्याजवळ दिली. नऊ दिवसांच्या चिखलानं त्याचे पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे झाले होते. खुंटा काखेत धरून तो पाण्यात उतरला. आधी छातीएवढं, मग नुसतं डोकं दिसत राहिलं, मग तुडुमाच्या दगडाजवळ तेही दिसेनासं झालं. पाण्यावर एक गोल उमटला आणि मोठा होत होत काठाला आला.

लहानपणासारखा प्रेमिलानं श्वास धरला.

पाळीखाली पाटातलं पाणी आधी बारीक झालं, मग त्याचा आवाज थांबला. खुंटा बसला, हे सगळ्यांना कळलं. लोक आपापली फावडी खांद्यावर टाकून घरांकडे वळले. कुंता तेवढी वळली नाही, आणि प्रेमिला, बापाचे कपडे छातीशी धरून. इस्तारी अजून वर यायचा होता.